१२ वर्षांचा ड्रायर: दुरुस्त करू की भंगारात घालू?

ओलीचिंब
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात, राजारामपुरीत गेला पंधरवडा ऊन पडलेलं नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३५ फुटांच्या वर गेलीय, आणि नेमका हाच मुहूर्त साधून आमच्या ड्रायरने मान टाकली.

ड्रायर म्हणजे कपडे वाळवायचं वेगळं मशीन, वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला टांगलेलं. साडेपाच किलोचं, दमट हवा मागच्या नळीतून बाहेर टाकणारं. धाकट्याच्या वेळी २०१३ मध्ये घेतलं. म्हणजे झाली १२ वर्षं. ड्रम फिरतो, दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण दोन तासांनी दार उघडावं तर कपडे घातले तसेच ओले आणि आत हात घातला तर थंडगार.

सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. पाच मिनिटं बघितलं, मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "मॅडम, याचं आयुष्य संपलं. १० वर्षांच्या वर कोण वापरतं? नवीन घ्या, जुन्याचे हजार रुपये लावतो." आणि भेटीचे पैसे घेऊन गेला.

सासूबाईंचं म्हणणं, आम्ही वेताची दुरडी पालथी घालून खाली शेगडी ठेवायचो आणि त्यावर चार पोरांचे लंगोट वाळवले, आमचं काही अडलं नाही. बरोबर आहे त्यांचं. पण आत्ता हॉलमध्ये तीन दोऱ्या आहेत आणि स्वयंपाकघरात जाताना प्रत्येक वेळी ओल्या बनियनपुढे वाकावं लागतं.

ड्रायर किती वर्षं टिकायला हवा? हा दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? की मी उगाच जुन्यात जीव अडकवून बसलेय?

पांढरा_रस्सा
१२ वर्सांत मान टाकली व्हय? ताई, आमचा ड्रायर १७ वर्सं झाली, अजून नाद खुळा फिरतोय. मधी एकदा ब्रेकची वायर तुटलेली, झाकण उघडलं तरी थांबायचा न्हाई. २०० रुपयांत काम झालं. दुरुस्त करा की, इचार कसला करताय.

खडूस_काका
रस्सा, तू सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबाबद्दल बोलतोयस. आपल्याकडे त्यालाच ड्रायर म्हणतात, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. तो टब पाणी झटकतो, वाळवत नाही. या ताईंचं मशीन हीटरवालं आहे.

पांढरा_रस्सा
आस्सं. मंजे कपडे भाजायचं यंत्र. बसतो गप.

खडूस_काका
ओलीचिंब ताई, मी ३१ वर्षं कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात काढली, घरगुती मशिनं हा निवृत्तीनंतरचा नाद. तुमचं वर्णन वाचून मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं.

असल्या ड्रायरमध्ये मोटर एकच असते. तिच्या एका टोकाला पंखा आणि दुसऱ्या टोकाला बारीक पुली. त्या पुलीवरून एक लांबलचक चपटा पट्टा निघतो तो अख्ख्या ड्रमला वेढा घालून परत येतो. ड्रम फिरतोय म्हणजे मोटर चांगली, कपॅसिटर चांगला, पट्टा शाबूत. दिवा लागतोय म्हणजे वीज आत येतेय. मग राहिलं काय? हीटरची कॉइल, तिच्यावर नजर ठेवणारे थर्मोस्टॅट, टायमरमधला हीटरचा पॉइंट आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. यातलं काहीही गेलं असलं तरी मशीन मेलं असं म्हणत नाहीत.

माझा पहिला संशय कटआउटवर. हीटरच्या डब्यावर दोन गोल बिल्ले स्क्रूने बसवलेले दिसतील, साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. एक नेहमीचा थर्मोस्टॅट. हवा पुरेशी तापली की हीटर बंद करतो, निवली की चालू. दुसरा सुरक्षेचा, हाच कटआउट. हवा प्रमाणाबाहेर तापली तर तो तुटतो आणि तुटलेलाच राहतो. काहींच्या मध्ये बारीक लाल बटण असतं, ते दाबलं की जोडला जातो. बटण नसलं तर बदलायचा.

मल्टिमीटर असलेला कुणीही हे तपासू शकतो. प्लग काढायचा (बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा), मागचा पत्रा उघडायचा, हीटरच्या दोन्ही वायरी काढून ओहम बघायचे. हीटर २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर २६ ओहमच्या आसपास आकडा आला पाहिजे. आला तर कॉइल ठणठणीत. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मग कटआउट बघायचा. चांगला असेल तर मीटर पीं करतं, गेला असेल तर गप्प बसतं. दहा मिनिटांचं काम. त्या माणसाने ते केलं नाही याचा मला जास्त राग आलाय.

मात्र एक विचारतो. तुमची ती मागची नळी जाते कुठं?

ओलीचिंब
काका, नळी मागच्या बाल्कनीत निघायची. गेल्या दिवाळीत बाल्कनी स्लायडिंग खिडक्या लावून बंद केली. तेव्हा सुताराने नळीला आणखी एक तुकडा जोडून ती कपाटाच्या मागून फिरवून कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर काढली. असेल १२-१३ फूट. तिचा काय संबंध?

खडूस_काका
सगळा संबंध तिचाच. कटआउट आपोआप उडत नाही. हवा पुढं सरकली नाही की हीटरपाशी कोंडते, कोंडली की तापते आणि मग तो जीव देऊन मशीन वाचवतो. नुसता कटआउट बदलून नळी तशीच ठेवलीत तर दोन महिन्यांत परत इथंच धागा काढाल.

नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी बरी. प्रत्येक वळणाला हवा अडते. आणि पावसाळ्यात बाहेर गार असल्यामुळे गरम दमट हवेचं नळीतच पाणी होतं, ते नळी जिथं झोळीसारखी लोंबते तिथं साचतं. त्या पाण्यात कपड्यांची लव, म्हणजे सुटलेले बारीक धागे, येऊन चिकटते. कपाटाच्या मागची नळी काढून उलटी करून बघा, म्हणजे कळेल.

सदाशिव_पेठी
कोल्हापूरकरांच्या धाग्यावर पुण्याहून बोलतोय, सांभाळून घ्या. १२ वर्षं जुन्या मशीनवर पैसे घालण्याआधी विजेचाही हिशेब करावा. जुने हीटरवाले ड्रायर मजबूत वीज खातात. आता हीट पंपवाले आलेत, निम्म्या विजेत वाळवतात. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर गेला की नवं घ्यावं, हा सर्वमान्य नियम आहे.

पांढरा_रस्सा
पुण्यात ऊन पण आखडता हात घेऊनच पडत आसंल.

परदेशी_पाखरू
मूळची मंगळवार पेठेतली, आता ९ वर्षं जर्मनीत. इथं बऱ्याच घरांत ड्रायर, त्यामुळे दोन शब्द.

घरगुती ड्रायर साधारण १० ते १३ वर्षं चालतो असं सगळीकडे सांगतात, आणि माझ्या ओळखीच्यांचा अनुभवही तसाच आहे. माझ्या घरमालकिणीचा हीटरवाला २० वर्षांचा आहे आणि शेजाऱ्यांचा महागडा हीट पंपवाला सातव्या वर्षी गेला. पण वर्षं मोजण्यात फसगत होते. ड्रायरने किती फेऱ्या मारल्या ते मोजा. इथं आम्ही आठवड्याला चार वेळा लावतो, बारा महिने. म्हणजे वर्षाला २०० फेऱ्या, १२ वर्षांत २४००. ताई, तुम्ही किती लावता?

ओलीचिंब
जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, आठवड्याला पाच वेळा. एरवी गच्चीवर ऊन असताना कोण लावतंय. क्वचित लग्नघाईत.

परदेशी_पाखरू
मग वर्षाला ७५ च्या आसपास. १२ वर्षांचे ९००. म्हणजे इकडच्या हिशेबाने तुमचा ड्रायर जेमतेम साडेचार वर्षांचा आहे! त्याला म्हातारा म्हणणाऱ्याला कॅलेंडर कळतं, मशीन कळत नाही.

हीट पंपबद्दल: युरोपियन युनियनमध्ये १ जुलै २०२५ पासून नवे ड्रायर हीट पंपवालेच बाजारात आणता येतात, इतका विजेचा फरक आहे. पण त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, गॅस असतो, आणि आत पातळ पत्र्यांची जाळी असते. गाळणीतून निसटलेली लव त्या जाळीवर जाऊन बसते. काही मॉडेल्समध्ये ती जाळी आपल्याला साफ करता येते, काहींत मशीन पूर्ण खोलल्याशिवाय हात पोचत नाही. शेजाऱ्यांच्यात गॅस गळाला. मेकॅनिकने मशीनकडे बघून नुसते खांदे उडवले. साध्या हीटरवाल्यात बिघडण्यासारखं आहेच काय? पट्टा, ड्रमखालची चाकं, कॉइल, बिल्ले.

सदाशिव_पेठी
बरं, मी माझाच हिशेब तपासला, कारण रस्साभाऊंनी डिवचलंय. ७५ फेऱ्या धरा. हीट पंप एका फेरीला दीड युनिट वाचवेल. वर्षाला ११२ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला १३५० रुपये वाचले. इथं दुकानात विचारलं तर हीटरवाला आणि हीट पंपवाला यांच्या किमतीत ४० हजारांचा फरक निघाला. तो फरक भरून यायला ३० वर्षं लागतील. तोवर कोण राहतंय, ड्रायर की आपण!

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. बारमाही वापर असेल तर गोष्ट वेगळी.

खडूस_काका
पेठी, मागे घेतलात त्याबद्दल मानलं तुम्हाला. विजेचंच निघालंय तर एक सांगतो, ते नवं मशीन न घेता करता येतं. पाणी हीटरने काढण्यापेक्षा पिळून काढणं कितीतरी स्वस्त. पाच किलो सुती कपडे ८०० च्या वेगाने पिळले तर त्यात साधारण साडेतीन लिटर पाणी राहतं. १४०० ने पिळले तर अडीच. हीटरने एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट लागतातच, तिथं कुणाची हुशारी चालत नाही. म्हणजे २००० वॅटचा हीटर वीस मिनिटं फुकट जाळायचा की वॉशिंग मशीनचं एक बटण फिरवायचं? बायका साड्या चुरगळतील म्हणून वेग कमी ठेवतात. साड्यांना ठेवा, टॉवेलना कशाला?

इस्त्रीवाला
आमची लाँड्री आहे, देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या लॉजच्या चादरी-टॉवेल आमच्याकडे असतात. मोठे दोन ड्रायर, दिवसाला १०-१२ घाणे. घरगुती मशीनसारखाच जीव, फक्त थोराड.

मी मशीन कानाने ओळखतो. ढब्-ढब्-ढब् आवाज एका लयीत, आणि चालू केल्यावर दहा मिनिटांत कमी होत जातो: चाकांचं रबर एका जागी बसून चपटं झालंय. वर्षातले आठ महिने बंद राहणाऱ्या घरच्या ड्रायरला हे हमखास होतं, घाबरायचं कारण नाही. चीं-चीं करून किंचाळतो: चाकाचा बुश (मधली बारीक नळी) कोरडा पडला किंवा पट्टा ताणणारी पुली गेली. लगेच बघा, नाहीतर पुली पट्टा खाते. खर्र-खर्र पत्र्यावर पत्रा: ड्रमच्या तोंडाची नमद्याची पट्टी झिजली आणि ड्रम पुढच्या पत्र्याला घासतोय. हे मात्र थांबवा, कारण ड्रमची कड कापली जाते आणि कड गेली की खेळ संपला. नुसता हूं आवाज आणि ड्रम हलत नाही, हाताने ढकललं की फिरायला लागतो: कपॅसिटर. सगळ्यात स्वस्त दुखणं, आणि लोक यासाठी मोटर बदलून बसतात.

नवं कधी घ्यायचं ते सांगतो. ड्रम गंजून भोक पडलं किंवा मागचा शाफ्ट ड्रमपासून सुटला, तर सोडा. मोटर जळली तर भाव काढा, रिवाइंडिंग करून बघता येतं पण पंख्याचा तोल गेला तर कायमचं थरथरतं. कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जळलं आणि कंपनी म्हणते मिळत नाही, तर सोडा. बाकी सगळ्याला औषध आहे.

दुपटी_वाळवा
आमच्याकडे एकाच मशीनमध्ये धुणं आणि वाळवणं आहे. आठ महिन्यांचं बाळ. ८ किलो धुतं पण वाळवतं पाचच किलो, हे घेताना कुणी ठळक सांगितलं नाही. सहा वर्षं झाली, आता वाळवायला पाच तास घेतं आणि कपडे कोमट-दमट निघतात. याचं पण लव अडकणंच का?

खडूस_काका
बहुतेक तेच, पण ठिकाण वाईट. तुमच्यात लव धरायची वेगळी गाळणी बहुधा नसेल, ती पाण्याबरोबर जाते असं गृहीत धरलेलं असतं. न गेलेली लव पंख्याच्या आणि हीटरच्या बोगद्यात ओली चिकटून वाळते, पार कागदाच्या लगद्यासारखी. ड्रमच्या वरचा बोगदा खोलून साफ करावा लागतो. दीड-दोन तासांचं काम आहे, पण नवख्याला देऊ नका, झाकणाचं रबर फाटलं तर वाफ कार्डावर जाते. आणि घाणा कमी लावा. पाच किलो धुवून तेवढंच वाळवा, आठ किलो धुवून त्यातले पाच निवडत बसू नका.

बाळाचे कपडे आहेत म्हणून आणखी एक. कपडे मऊ यावेत म्हणून जे द्रव घालतात त्याचा थर दमटपणा ओळखणाऱ्या दोन स्टीलच्या पट्ट्यांवर बसतो. मग मशीनला कळतच नाही कपडे ओले आहेत की सुके. तुमच्यात दाराच्या आतल्या कडेला अशा पट्ट्या असतील तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसून काढा.

माग_मालक
इचलकरंजीतून. मशीन कुणाचं, किती वर्षांचं, यात मला पडायचं नाही. त्या लवेबद्दल बोलतो. आमच्या मागाच्या शेडमध्ये जी रुई उडते, तीच ही. भिंतीवर, पंख्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसते. एक ठिणगी पडली की अशी पेट घेते की माणूस बादली शोधेपर्यंत छताला लागलेली असते. आम्ही रोज झाडतो ते स्वच्छतेची आवड म्हणून नव्हे.

तुमच्या ड्रायरमध्ये लाल होणारी कॉइल आणि तिच्या शेजारी ही रुई. मध्ये तो एक बिल्ला. आता मेकॅनिक काय करतात ते सांगतो, कारण माझ्या मेव्हण्याच्या घरी केलंय: पार्ट मिळत नाही म्हणून बिल्ल्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप गुंडाळली. मशीन चालू, गिऱ्हाईक खुश. १५ दिवसांनी आतून करपल्याचा वास. दैव बलवत्तर, बायको समोरच होती, प्लग ओढला. आतला घाणा तपकिरी झालेला.

ताई, कुणी म्हटलं "तात्पुरतं डायरेक्ट करून देतो", तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

खडूस_काका
माग_मालक, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्यात भर: तळणीचे तेलकट फडके, ओट्याची पुसणी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नका. तेल पूर्ण निघत नाही, आणि गरम ढिगात ते आतल्या आत तापत राहतं. शेवटची दहा मिनिटं मशीन नुसती गार हवा मारतं ती याचसाठी. घाईत मध्येच बंद करून गरम कपडे आत गठ्ठ्याने ठेवू नका.

शाहूपुरीकर
इथं सगळे आयुष्य मोजताय, आमच्या ड्रायरचं आयुष्य पंचगंगेने ठरवलं. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर छातीएवढं पाणी, ड्रायर जमिनीवर. पाणी उतरल्यावर आत बोटभर गाळ. भावाने पूर्ण खोलला, गोड्या पाण्याने धुतला (हो, धुतला, गाळ वाळून दगड होतो), मोटर काढून आठ दिवस उन्हात, मग वॉर्निश मारून घेतली. बेअरिंग नवीन. टायमरवालं साधं मॉडेल, कार्ड नव्हतं म्हणून जगलं. २०२१ च्या जुलैपर्यंत मस्त चालला. २०२१ ला परत पाण्यात. तेव्हा मीच म्हटलं, नको आता, किती छळायचं त्याला.

ज्यांची घरं पूररेषेत आहेत त्यांनी ड्रायर भिंतीवरच टांगावा. आणि पूर येतोय म्हटलं की आधी प्लग काढावा, मग माळ्यावर भांडी चढवावीत. आम्ही उलटं केलं होतं.

ओलीचिंब
सगळ्यांचे आभार. आता काय झालं ते सविस्तर.

लक्ष्मीपुरीतल्या एका वायरमनदादांना बोलावलं, काकांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून त्यांच्या हातात दिला. ते वाचून हसले, म्हणाले, "हे कोण आहेत, यांनाच बोलवायचं होतं की."

आधी नळी. कपाट सरकवून नळी खाली घेतली तर त्यातून तांब्याभर पाणी माझ्या पायावर. काळपट, दोऱ्यांसारखं काहीतरी पोहत असलेलं. आत हात घातला तर नळीच्या पोटाला चिकटलेली राखाडी गोधडी निघाली. खोटं नाही सांगत, अक्षरशः पांघरता आली असती. त्यात निळी झाक होती, ती आमच्या सोलापुरी चादरींची. बाहेरच्या तोंडाला जाळी नव्हती, त्यामुळे तिथून आत शिरलेली एक पाल, वाळून चामड्यासारखी झालेली, सोबत काही काड्या. पाल बघून वायरमनदादा मागे सरकले, सासूबाईंनी ती कागदात धरून टाकून दिली.

मग मागचा पत्रा. हीटर २७ ओहम. कटआउट गप्प. अगदी काकांनी लिहिलं तसं, बिल्ल्यात बटणही नाही. दादांचं पुढचं वाक्य, मी वाटच बघत होते: "पार्ट येईपर्यंत तात्पुरतं डायरेक्ट करून देऊ का?" त्यांना चहा पाजला. वाटेला मात्र लावलं नाही, माणूस चांगला आहे. माग_मालकांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, आमच्या एका गिऱ्हाइकाकडे जाऊन यायला पाहिजे.

पार्ट पुण्याहून कुरिअरने चार दिवसांनी आला. तेवढ्यात दोऱ्यांवरच्या कपड्यांना तो ओला वास लागलाच.

आता अडचण. पत्रा उघडलाच आहे म्हणून दादांनी पट्टा आणि चाकं बघितली. पट्ट्याच्या आतल्या रेघांमध्ये आडव्या चिरा आहेत. दोनपैकी एका चाकाचं रबर निखळलंय. चाक कंपनीकडे नाही म्हणतात. काय करू?

इस्त्रीवाला
पट्टा आत्ताच बदला, ड्रम परत खोलायची मजुरी वाचेल. पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो: आधी लांबी मिलिमीटरमध्ये, मग एच, मग रेघा किती ते. तो नंबर सांगितला की कंपनी कुठलीही असो, पट्टा मिळतो. नंबर पुसला असेल तर जुना पट्टाच घेऊन जा, दोरीने मापून नेऊ नका.

पांढरा_रस्सा
चाक मिळत न्हाई म्हणून काय रडायचं? ताई, आपलं शिवाजी उद्यमनगर कशासाठी हाय? शेतीच्या इंजिनापासनं काय पण करून देत्यात. चाक न्या, लेथवर अर्ध्या तासात नायलॉनचं कातून देतील. कंपनीच्या तोंडावर मारा.

खडूस_काका
रस्सा पहिल्यांदा कामाचं बोलला. पण नुसत्या नायलॉनचं चाक लावू नका. पत्र्याच्या ड्रमवर ते असं खडखडतं की सासूबाई शेगडी पेटवतील. जुनं चाक घेऊन जा, बुश गनमेटलचा कातून घ्या आणि बाहेरचं रबर सिलिकॉनचं चढवून घ्या, ते उष्णता सोसतं. साधं काळं रबर चिकट होतं. दोन्ही चाकं एकदम करा, एक नवं एक जुनं ठेवलं तर ड्रम कलतो.

सदाशिव_पेठी
आमच्याकडे असं कुणी करून देत नाही. अशी कामं करणारे पार लांब गेलेत. हेवा वाटतो.

पांढरा_रस्सा
स्क्रीनशॉट काढून ठिवला.

ओलीचिंब
झालं. हिशेब देते, कुणाच्या उपयोगी पडला तर: कटआउट कुरिअरसकट ५२०, पट्टा ७५०, उद्यमनगरात दोन चाकं ६००, दादांची दोन फेऱ्यांची मजुरी १२००, नवी ॲल्युमिनियमची नळी आणि तोंडाला जाळी ४३०. एकूण ३५००. नव्या मशीनला दुकानात २६ हजार सांगितले होते. नळी आता स्लायडिंगची एक काच काढून त्या जागी पत्रा बसवून सरळ बाहेर काढलीय, तीन फूट. सुताराला तेव्हाच सुचायला हवं होतं, आणि मलाही.

पहिला घाणा टॉवेलचा लावला. ५५ मिनिटांत वाळले. चालू केल्यावर थोडा ढब्-ढब् आवाज येतो, चौथ्या-पाचव्या मिनिटाला थांबतो. इस्त्रीवाले, नव्या चाकांना पण होतं का असं?

इस्त्रीवाला
ड्रमच्या सांध्यावरून जाताना होतं. आठवडाभर बघा. वाढला तर चाक गोल कातलेलं नाही, परत घेऊन जा, फुकट करून देतील.

खडूस_काका
ऑक्टोबरात मशीन बंद करताना चार गोष्टी करा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये भेटूच. गाळणी धुवून वाळवून लावा. नळीचं तोंड कापडाने बांधा. मागच्या पत्र्याच्या फटींजवळ उंदराचा माग दिसतो का बघा, वायरीचं प्लास्टिक त्यांना का आवडतं देव जाणे. आणि महिन्यातून एकदा ते कापड सोडून दहा मिनिटं रिकामा फिरवा, म्हणजे रबर एका जागी बसणार नाही. हो, तो १६ अँपियरचा प्लग हातात घेऊन बघा, पिन काळी पडली असेल तर सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्डावर असला तर मला सांगू नका, माझं बीपी वाढतं.

ओलीचिंब
काका... एक्स्टेंशन बोर्डावरच आहे. उद्या दादांना परत बोलावते.

पांढरा_रस्सा
ताई, येक इचारू का? तालमीतल्या पोरांचे लंगोट चार दिस झाले वाळंनात. एकच घाणा टाकून देता का? तेल लागलेलं न्हाई, माती हाय निसती.

ओलीचिंब
आधी धुवून आणा. १४०० वर पिळून.

शाहूपुरीकर
बंधाऱ्यावर ३९ ची इशारा पातळी ओलांडली. आमच्या गल्लीत सामान वर चढवायला सुरुवात. यावेळी प्लग आधी काढलेत.